गाडी कुणाची?

तुळजापूरहून निघून लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, यवतमाळ, वर्धा असा प्रवास करत नागपूरजवळ बुटीबोरीला पोचणारा रस्ता सरकारी नकाशावर राष्ट्रीय महामार्ग ३६१ म्हणून दाखवतात. लोह्याच्या माणसाला तो नंबर माहीत असायचे कारण नाही. त्याच्यासाठी तो नांदेड रोड किंवा लातूर रोड, तो कुठल्या बाजूला तोंड करून उभा आहे त्यावर अवलंबून. एके काळी कंधार तालुक्यातले हे गाव पुढे स्वतःच तालुका झाले. त्यामुळे तहसील आली, नगर परिषद आली, मोंढा वाढला, दवाखाने, खतबियाण्यांची दुकाने, बँका आल्या. या प्रत्येक ठिकाणी माणूस गाडीवर येतो आणि गाडी दारात लावतो. दारात म्हणजे रस्त्यावर.

अशा गावात पार्किंगच्या कायद्याची अंमलबजावणी कशी होते, हे पाहायचे तर चलान-पावत्यांच्या आकड्यांत शिरून उपयोग नाही. ती आधी कानाने ऐकायची गोष्ट आहे. शिट्टी वाजते. मग एक हाक येते, "ए, ही गाडी कुणाची?" कुणीतरी दुकानातूनच ओरडतो, "काढायलोय साहेब, पाचच मिन्टं, काटा होऊ द्या." साहेब पुढच्या गाडीकडे वळतात. पाच मिनिटांची वीस होतात, पण गाडी निघते. लहान गावातला पार्किंगचा बहुतेक सारा कारभार इथेच संपतो आणि त्याची नोंद कुठल्याही वहीत होत नाही. माझ्या मते तालुक्याच्या ठिकाणी सर्वांत जास्त काम देणारी वाहतूक यंत्रणा हीच. पोलिसाला गाडी ओळखू येते, गाडीवाल्याला पोलीस ओळखू येतो, आणि दोघांनाही उद्या याच चौकात पुन्हा भेटायचे असते.

ओळखीची दुसरी बाजूही आहे. ज्याची गाडी ओळखीची, त्याला हाक मारावी लागते. ज्याची गाडी जास्तच ओळखीची, त्याला हाकही मारता येत नाही. शिट्टी तोंडात धरलेला शिपाई नंबर प्लेट वाचतो, क्षणभर थांबतो आणि शेजारच्या हातगाड्यावर ओरडतो, हे दृश्य मराठवाड्यातल्या कुठल्याही चौकात बसून पाहता येईल. म्हणूनच हाकेपुढची पायरी, म्हणजे कागदावरची कारवाई आणि तिचा पाठपुरावा, तपासून पाहण्यासारखी आहे. तिथे ओळख कमी पडते आणि कायदा उघडा पडतो.

कायद्याकडे पाहिले तर चुकीच्या जागी उभ्या असलेल्या गाडीविषयी एक नाही, तीन वेगवेगळे कायदे बोलतात.

सर्वांत जुना भारतीय दंड संहितेचा. १८६० मध्ये संमत होऊन १ जानेवारी १८६२ पासून लागू झालेल्या या संहितेतले कलम २८३ सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण करणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड सांगत होते. कलम लिहिले तेव्हा रस्त्यावर मोटार नव्हती; मोटारीचा शोधच लागायचा होता. डोळ्यांपुढे होत्या त्या बैलगाड्या, टाकलेला माल, खणलेले खड्डे. त्या काळी २०० रुपये ही भल्याभल्यांचे डोळे पांढरे करणारी रक्कम होती. लोह्याला हे कलम बऱ्याच उशिरा लागू झाले, कारण तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि १९५१ च्या एका केंद्रीय कायद्याने ब वर्गातल्या राज्यांना दंड संहिता लागू केली, तेव्हा २०० रुपयांचे ते कलम इथे पोचले. त्यानंतर राज्ये बदलली, रस्ते डांबरी झाले, बैलगाडीची जागा ट्रॅक्टरने घेतली, पण दंड २०० रुपयेच राहिला. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा कुठे कलम २८५ मध्ये तो ५,००० रुपयांपर्यंत गेला. दीडशेहून अधिक वर्षे न वाढलेला दंड हा आपल्या कायदेमंडळांनी या विषयाला दिलेल्या महत्त्वाचा पुरावाच मानायला हवा.

दुसरा कायदा १९५१ चा, आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जाणारा. त्याचे कलम १०२ वाचताना आठवडी बाजार डोळ्यांपुढे उभा राहतो. माल चढवण्या-उतरवण्यासाठी किंवा माणसे घेण्यासाठी लागतो त्याहून जास्त वेळ जनावर किंवा वाहन रस्त्यात उभे करू नये, रस्त्यात गुरे बांधू नयेत, रस्त्याचा तळ म्हणून वापर करू नये, पेट्या-गठडी टाकून ठेवू नयेत, टोपल्या मांडून विक्री करू नये. बैल, टेम्पो आणि भाजीची पाटी या तिघांना एकाच वाक्यात बसवणारे हे कलम लहान गावाची खरी रचना ओळखून लिहिलेले वाटते. पुढच्या कायद्यांनी वाहन तेवढे वेगळे काढले आणि हातगाडा नगर परिषदेच्या अतिक्रमण विभागाकडे सोपवला. चौकात मात्र दोघेही एकमेकांना टेकून उभे असतात. हातगाड्यामुळे कडेला जागा नाही म्हणून मोटारसायकल पुढे येते, मोटारसायकल पुढे आली म्हणून ऑटो रस्त्याच्या मध्यावर थांबतो. पोलिसाने ऑटोवर कारवाई केली की कायद्याचे समाधान होते, रस्त्याचे होत नाही.

तिसरा कायदा मोटार वाहनांचा. १९८८ मध्ये झालेला, १ जुलै १९८९ पासून लागू असलेला. त्याचे कलम १२२ सांगते की वाहन किंवा त्याला जोडलेली ट्रॉली अशा जागी, अशा अवस्थेत वा अशा परिस्थितीत उभी करू नये की इतरांना धोका, अडथळा किंवा विनाकारण त्रास होईल. शिक्षा कलम १७७ मध्ये आहे. मुळात पहिल्या वेळी १०० रुपये आणि पुन्हा केल्यास ३०० रुपये. २०१९ च्या दुरुस्तीने हे आकडे ५०० आणि १,५०० झाले. केंद्राने १ सप्टेंबर २०१९ पासून नवे दंड लागू केले, पण महाराष्ट्रात विधानसभा निवडणूक तोंडावर होती. तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी नितीन गडकरींना पत्र लिहून फेरविचार करायची विनंती केली आणि राज्यात नवे दर लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडले. पार्किंगचा दंड मत फिरवू शकतो, एवढी राजकीय समज तेव्हाच्या सगळ्याच पक्षांना होती.

आता चौकातला शिपाई या तिन्हींपैकी कुठला कायदा उचलतो, यावर पुढचा सगळा पाठपुरावा ठरतो.

जुना मार्ग गुन्हा नोंदवण्याचा. कलम २८३ दखलपात्र होते, आजचे २८५ हेही दखलपात्रच आहे. म्हणजे पोलीस न्यायालयाला न विचारता गुन्हा दाखल करू शकतात. मराठवाड्यातल्या जिल्हा पोलिसांच्या रोजच्या प्रेसनोटा ज्यांनी वाचल्या असतील, विशेषतः धाराशिवच्या, त्यांना हा मजकूर पाठ असेल: अमुक गावच्या तमुकने आपल्या ताब्यातील ॲपे ऑटो क्रमांक अमुक सार्वजनिक रस्त्यावर रहदारीस धोकादायकरीत्या उभा केला, म्हणून गुन्हा नोंद. खून, दरोडा, विनयभंग यांच्या रांगेत शेवटी या नोंदी असतात. फिर्यादी बहुतेक वेळा स्वतः पोलीस अंमलदारच, सरकारतर्फे.

पूर्वी २०० रुपयांच्या असलेल्या या गुन्ह्याचा खर्च मोजून पाहावा. शिपाई फिर्याद देतो. ठाणे अंमलदार ती संगणकावर चढवतो, गुन्ह्याला रजिस्टर नंबर पडतो. तपास बीटच्या हवालदाराकडे जातो. घटनास्थळाचा पंचनामा करायचा, त्यासाठी दोन पंच गाठायचे. वाहनाचे कागद पाहायचे, चालकाला नोटीस द्यायची, दोषारोपपत्र तयार करून न्यायालयात पाठवायचे. मग समन्स, समन्सची तामील, तारीख. आरोपी गावातलाच असला तर सापडतो. ऊसतोडीला किंवा पुण्याला कामाला गेलेला असला तर समन्स घेऊन गेलेला शिपाई "मिळून आला नाही" असा शेरा मारून परततो. शेवटी एके दिवशी चालक उभा राहतो, गुन्हा कबूल करतो, दंड भरतो. एवढ्या कामात पोलीस ठाण्याच्या दोन-तीन माणसांचे तास जातात. तालुक्याच्या ठाण्यात वेगळी वाहतूक शाखा क्वचितच असते. तेच हवालदार रात्रीची गस्त घालतात, तेच मोर्चाचा बंदोबस्त करतात, तेच शेताच्या बांधावरचे भांडण सोडवतात.

तरीही पोलीस हा मार्ग धरतात, त्यामागे कारण आहे. दंडापेक्षा गुन्हा दाखल होणे हीच मोठी शिक्षा असते. दुसऱ्या दिवशी पेपरात नाव, गाव, वय छापून येते. मराठवाड्यात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांची संख्या कमी नाही. पहाटे मैदानावर धावणारा पोरगा दिवसा काकाचा ऑटो चालवतो. त्याच्या नावावर रस्ता अडवल्याचा गुन्हा नोंदला गेला की चारित्र्य पडताळणीच्या अर्जात तो लिहावा लागतो आणि न लिहिणे त्याहून महागात पडते. ज्या अपराधाला कैदच नाही, त्यासाठी एवढी किंमत वसूल होऊ नये असे मला वाटते. शिवाय या याद्यांत ॲपे, टमटम, पिकअप यांचीच गर्दी दिसते. महागडी चारचाकी शोधावी लागते, आणि ती रस्त्यात कधी उभीच राहत नसेल असे कुणी म्हणणार नाही.

दुसरा मार्ग चलानाचा. पूर्वी पावतीपुस्तक होते. पावती फाडली, पैसे घेतले, विषय मिटला. पाठपुरावा करायला काही उरतच नव्हते. मुंबईत २०१६ मध्ये ई-चलान आले आणि त्यानंतर काही वर्षांत राज्यभर एकच यंत्रणा झाली. शिपाई गाडीचा फोटो काढतो, हातातल्या यंत्रात नंबर टाकतो, आणि ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्या मोबाइलवर संदेश जातो. रोख पैशांचा व्यवहार थांबला, ओळखीच्या माणसासमोर हुज्जत घालायचे कारण उरले नाही. गाडीवाला दुकानात काटा होण्याची वाट पाहत असताना त्याच्या नावावर ५०० रुपये चढलेले असतात.

मात्र हाकेच्या वेळी आपोआप सुटणारा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो: गाडी कुणाची?

समजा, अहमदपूरच्या एका व्यापाऱ्याने त्याची पिकअप लोह्याच्या माणसाला विकली. व्यवहार बाँडवर झाला, पैसे दिले, चावी घेतली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायला हवे. कळवतो कोण? कर्ज फिटलेले नसते, विम्याची मुदत उलटलेली असते, किंवा नांदेडला आरटीओत जाऊन एक दिवस घालवायची कुणाची तयारी नसते. एमएच-२४ ची पाटी लातूरची, गाडी फिरते नांदेड जिल्ह्यात. चलान जाते अहमदपूरच्या मोबाइलवर. तो म्हणतो, गाडी मी कधीच विकली. लोह्याचा म्हणतो, मला तर मेसेजच आला नाही. दोघेही खरे बोलतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र मालक पहिलाच. अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये हेच सांगितले की नोंदवहीत ज्याचे नाव, तोच मालक. मधे चार हात बदलले तरी. अशा वेळी पोलिसाच्या हाती कलम १३३ असते. विचारल्यावर, गाडी कोण चालवत होता याची माहिती देणे मालकावर बंधनकारक आहे. पण त्यासाठी कुणीतरी अहमदपूरला नोटीस पाठवायला हवी, उत्तर मागायला हवे, त्या उत्तरावरून दुसऱ्या माणसाला गाठायला हवे. ५०० रुपयांसाठी हे कुणी करत नाही, आणि करूही नये.

घड्याळाचीही अडचण आहे. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिने उलटल्यावर घेऊ नये, अशी तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती आणि ती नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये तशीच आली आहे. उशिराचे समाधानकारक कारण दिले तर न्यायालय उशीर माफ करू शकते, पण लाखो चलानांसाठी लाखो कारणे कोण देणार? म्हणजे पोलिसांच्या संगणकात चलान वर्षानुवर्षे जिवंत दिसते, पण न्यायालयात न गेलेले चलान सहा महिन्यांनी बरेचसे दुबळे झालेले असते. राज्यातली थकबाकी हजार कोटींच्या पुढे गेली त्यामागे हेही एक कारण आहे. त्यावर उपाय म्हणून लोकअदालतीच्या आधी दाखलपूर्व नोटिसा पाठवायची पद्धत सुरू झाली. उपयोग होतो, पण नोटीसही त्याच जुन्या पत्त्यावर जाते.

मग उरते नाकाबंदी. गाडी थांबवली, नंबर टाकला, थकबाकी दिसली, "आधी हे भरा." इथे मामला तापतो. जुन्या चलानासाठी गाडी अडवून ठेवता येते का, खासगी मोबाइलवर काढलेला फोटो पुरावा कसा, यावरून वाहतूकदार संघटना आणि पोलीस यांच्यात खटके उडत राहिले. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलानाविरोधात संप केला आणि त्याच महिन्यात वाहतूक पोलिसांना स्वतःचा मोबाइल वापरून चलान करू नका, अशी सूचना निघाली. नंबर प्लेटचे आणखी वेगळेच नाटक. २१४ चे 'राम' आणि ८०५५ चे इंग्रजी 'बॉस' करणारे रंगारी गावोगाव आहेत. अशा पाटीचा फोटो काढून यंत्रात काय टाकायचे, हे शिपायाने आपल्या कल्पनाशक्तीवर ठरवायचे. एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी लावण्याची सक्ती राज्याने केली. मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली, त्यावरून या पाट्यांचे प्रेम किती खोल आहे ते कळावे.

पाठपुराव्याचा हा पेच आपल्याकडचाच आहे असे नाही. अमेरिकेत डेन्व्हर शहराच्या पोलिसांपुढे दंड न भरणाऱ्या गाड्यांचा ढीग साचला होता. फ्रँक मारुग नावाच्या माणसाने, जो तिथल्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचा, चाकाला अडकवायचे लोखंडी कुलूप तयार केले आणि १९५५ मध्ये पोलिसांनी ते वापरायला सुरुवात केली. आपण त्याला जॅमर म्हणतो. युक्ती साधी होती. गाडीमालकाला शोधायला पोलिसाने जायचे नाही, मालकाने पोलिसाला शोधत यायचे. आपल्या कायद्यातही कलम १२७ मध्ये बंदी असलेल्या जागी उभे किंवा दहा तासांहून जास्त बेवारस सोडलेले वाहन उचलून नेण्याची किंवा जागीच अडकवून ठेवण्याची सोय आहे. पण क्रेन आणि जॅमर मोठ्या शहरांना परवडतात. लहान गावात त्याची जागा घेतली ती व्हॉल्व्ह काढून हवा सोडण्याने आणि चावी काढून घेण्याने. पंक्चरच्या दुकानापर्यंत गाडी ढकलताना माणसाला जी शिकवण मिळते ती चलानाने मिळत नाही, असे पोलीस खासगीत म्हणतील. कायद्यात हवा सोडण्याची तरतूद कुठेही नाही, हेही त्यांना ठाऊक असते.

पाठपुराव्याने नेमके काय बदलते, याचा एक चोख हिशेब न्यूयॉर्कचा आहे. संयुक्त राष्ट्रांमुळे तिथे जगभरच्या राजनैतिक अधिकाऱ्यांच्या गाड्या फिरतात आणि राजनैतिक संरक्षणामुळे त्यांच्याकडून दंड वसूल होत नव्हता. रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ ते २००२ या काळातल्या न भरलेल्या तिकिटांचा अभ्यास केला. ती दीड लाखांहून जास्त भरली. २००२ च्या अखेरीस शहराला, तिकिटे थकवणाऱ्यांच्या गाडीची खास नंबर प्लेट काढून घेण्याचा अधिकार मिळाला आणि नियमभंग सुमारे ९८ टक्क्यांनी घसरला. दंडाची रक्कम वाढली नव्हती. माणसेही त्याच देशांची होती.

उलट बाजूचा दाखला स्कॉटलंडचा. तिथल्या पोलिसांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये आपले पार्किंगवर लक्ष ठेवणारे कर्मचारी काढून घेतले. म्हणाले, हे आमचे काम नाही, नगरपालिकांनी करावे. मोठ्या शहरांनी आधीच तशी सोय केली होती. लहान बाजारगावांची पंचाईत झाली, कारण स्वतःचे कर्मचारी नेमायचे तर दंडातून पगार निघायला हवा, आणि लहान गावात तेवढा दंड जमत नाही. लोह्याच्या नगर परिषदेलाही उद्या कुणी हे काम देऊ केले तर हाच हिशेब मांडावा लागेल.

पण त्याआधीचा एक हिशेब आपण मांडतच नाही. गाडी इथे लावू नका, हे सांगणाऱ्याने कुठे लावायची तेही सांगायला हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ नुसार स्थानिक संस्थेशी चर्चा करून वाहने उभी करण्याच्या जागा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. लहान गावांत हे कलम झोपलेले असते. दुसरीकडे २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीत चौकाच्या आधी आणि नंतर ५० मीटरपर्यंत, बसथांब्याजवळ, शाळा-दवाखान्याच्या दारात, पदपथावर, ताशी ५० किलोमीटर किंवा जास्त वेगमर्यादा असलेल्या मुख्य रस्त्यावर वाहन लावायला मनाई आहे. त्यात भर म्हणून एसटी स्थानकापासून २०० मीटरच्या आत खासगी प्रवासी वाहनांना मज्जाव. तालुक्याच्या गावात मुख्य रस्त्याला दर पन्नास-साठ पावलांवर एखादी गल्ली येऊन मिळते. नियम अक्षरशः लावायचा म्हटले तर बाजारपेठेत सायकल टेकवायलाही जागा उरत नाही. ज्या नियमाने प्रत्येकजणच दोषी ठरतो, तिथे कुणाला धरायचे हे नियम ठरवत नाही, धरणारा ठरवतो.

हे जमत नाही असेही नाही. लोहा तालुक्यातच माळेगाव आहे. मार्गशीर्षाच्या शेवटी तिथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, बैल यांचा मोठा बाजार, लावणीचे फड आणि नांदेड-लातूर रस्त्यावर माणसांचा पूर. त्या दिवसांत वाहतूक वळवण्याचे आदेश निघतात, शेते वाहनतळ म्हणून ठरवली जातात, चुन्याच्या रेषा पडतात, होमगार्ड हात दाखवत उभे असतात. लोक निमूट शेतात गाडी लावतात आणि देवळापर्यंत चालत जातात. तीच माणसे आठवड्याने बँकेच्या पायरीला मोटारसायकल टेकवतात. जागेच्या प्रश्नावर जपानने १९६२ मध्ये कायदा केला की रस्त्याबाहेर गाडी ठेवायला जागा आहे हे दाखवल्याशिवाय गाडी नोंदवता येणार नाही, आणि खेडी मात्र त्यातून वगळली. २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी महाराष्ट्रातही तसेच काहीतरी करण्याची भाषा केली. पण लोह्यासारख्या गावात गाडी रात्री घरासमोर सुखाने उभी असते. तिची अडचण दिवसा अकरा ते पाच या वेळेत, मोंढ्यात आणि दवाखान्यापुढे आहे. नगर परिषदेने एक मोकळी जागा आखून देणे आणि बाजारपेठेत सम-विषम तारखेला एकेका बाजूला गाड्या लावायचा फलक लावून तो खरोखर पाळायला लावणे, एवढ्याने पुष्कळ भागेल.

आतापर्यंत जे किरकोळ वाटले, त्यातला एक भाग मात्र किरकोळ नाही, आणि पोलिसांचा खरा वेळ तिथे जायला हवा. रस्ते अपघातांच्या केंद्रीय अहवालात उभ्या वाहनावर आदळून झालेले अपघात वेगळ्या रकान्यात मोजले जातात. मराठवाड्यात गळीत हंगाम सुरू झाला की हा रकाना गावोगाव भरू लागतो. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, पुढे ट्रॅक्टर. टायर फुटला किंवा ड्रायव्हर जेवायला गेला म्हणून रात्री रस्त्याच्या कडेला थांबलेला. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला किंवा मुळातच नाही. मोटारसायकलवरचा माणूस समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडात दिपतो आणि ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. कलम १२२ मध्ये वाहनाबरोबर ट्रॉलीचाही उल्लेख आहे तो यासाठीच. बिघडलेले वाहन रस्त्यात ठेवून वाहतूक अडवणाऱ्याला कलम २०१ प्रमाणे पूर्वी ताशी ५० रुपयांपर्यंत दंड होता, आता तो ५०० पर्यंत आहे. तरी चाकाखाली लावलेले दगड गाडी गेल्यावर तिथेच पडून राहतात आणि पुढच्या माणसाचा जीव घेतात.

ट्रॉलीचे चलान करणे अवघड असते, कारण पुष्कळ ट्रॉल्यांवर नंबरच नसतो, आणि रात्री अकराला आडरस्त्यावर शिपाई नसतो. पण ऊस नेणारी प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर येतेच. हंगामाच्या सुरुवातीला आरटीओ आणि पोलीस कारखान्याच्या आवारात जाऊन ट्रॉल्यांना लाल पट्ट्या चिकटवतात, चालकांना समज देतात. तो एक दिवसाचा कार्यक्रम असतो, फोटोसकट. ज्या ट्रॉलीला मागे पट्टी आणि नंबर नाही तिचे वजन करायचे नाही, एवढी एक अट कारखान्याने हंगामभर पाळली तर पत्ता शोधायला अहमदपूरला नोटीस पाठवावी लागणार नाही. काट्यावर गाडीचा नंबर, मालकाचे नाव, बँक खाते, सगळे आधीच लिहिलेले असते, कारण तिथे पैसे द्यायचे असतात.